दुःखाच्या वेळी सोबत

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वस्ती तिथल्या देवीच्या नावाने ओळखली जाते. कनकपुरा रस्त्यावरचे हे देऊळ १९१५ सालचे. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी तेथे बायकांची रीघ लागते. लिंबू अर्धे कापायचे, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून तिची पणती करायची आणि त्यात तेल-वात घालून देवीपुढे ठेवायची, अशी तिथली रीत आहे. या पूजेची वेळ मात्र चकित करणारी आहे. एरवी ज्या राहुकाळात कोणी शुभ काम हाती घेत नाही, नेमक्या त्याच वेळी येथे दिवे लागतात. वाईट वेळ टाळायची नाही, त्याच वेळी देवाच्या दारात जाऊन उभे राहायचे, असा तिचा अर्थ लावता येतो. बदामीची बनशंकरी ज्यांची कुलदेवता आहे, अशा कितीतरी मराठी घरांना हे नाव परके नाही.

याच बनशंकरीत विद्युतदाहिनीही आहे. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा बंगळूरमधल्या इतर स्मशानांप्रमाणे येथेही रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या. आत चिता थंड होत नव्हत्या आणि बाहेर गाड्या खोळंबून होत्या. कोणाचा मुलगा स्वतःच तापाने फणफणलेला, कोणाची पत्नी दवाखान्यात, कोणाचे भाऊ परगावी अडकलेले. चार खांदेकरी मिळेनात. आपल्याकडे माणूस गेला की शेजारीपाजारी न बोलावता येतात. त्या महिन्यांत मात्र भीतीने दारे बंद होती. मरणाचे दुःख होतेच, पण शेवटच्या वाटेवर आपल्या माणसाबरोबर कोणी नव्हते, हा सल अनेक घरांना अजूनही सुटलेला नाही.

त्या दिवसांत काही तरुण मुले-मुली पुढे आली. बंगळूरच्या कॅथलिक महाधर्मप्रांताशी जोडलेला ‘हिअर आय ॲम’ हा स्वयंसेवकांचा गट त्यांपैकी एक होता. ‘हा मी आहे’ असा त्या नावाचा अर्थ. बायबलमध्ये देवाची हाक आली की अब्राहाम, मोशे, शमुवेल, यशया हे सारे याच शब्दांत ओ देतात. संरक्षक पोशाख चढवून ही मुले करोनाने गेलेल्यांचे मृतदेह उचलत, दफनभूमीत नेत, नीट विधिपूर्वक माती देत. गेलेला माणूस कोणत्या धर्माचा, हे पाहून मदत ठरत नव्हती. मुस्लिम आणि हिंदू तरुणांचे असेच गट शहरभर काम करत होते आणि एकमेकांना हातभार लावत होते.

संसर्गाची भीती काय त्यांना नव्हती? त्यांनाही घरी आई-वडील होते. मग अनोळखी माणसाच्या मरणात इतके जवळ जाण्याचे बळ कोठून आले असेल? माणुसकी हे उत्तर आहेच. पण कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी एक यादी तोंडपाठ केलेली असते.

दयेची चौदा कामे

ही यादी ‘दयेची कामे’ म्हणून ओळखली जाते. सात कामे शरीराची काळजी घेणारी आणि सात मनाची. भुकेल्याला अन्न द्यावे, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा. आजाऱ्याची विचारपूस करावी, तुरुंगातल्या माणसाला भेटावे आणि मेलेल्याला माती द्यावी. यातली पहिली सहा कामे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातून आली. सातवे काम तोबितच्या पुस्तकातून आले. परमुलखात बंदिवान होऊन राहिलेला हा तोबित राजाचा रोष पत्करून आपल्या लोकांचे बेवारस पडलेले मृतदेह पुरत असे.

दुसऱ्या सात कामांत अजाणाला शिकवणे, गोंधळलेल्याला सल्ला देणे, चुकणाऱ्याला सावध करणे, अन्याय धीराने सोसणे, क्षमा करणे, दुःखिताचे सांत्वन करणे आणि जिवंतांसाठी व मृतांसाठी प्रार्थना करणे येते. या यादीत सांत्वन हे ‘काम’ म्हणून आले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मनात कणव दाटून आली म्हणजे सांत्वन झाले असे ती यादी मानत नाही. भात शिजवणे किंवा पाणी देणे जसे हाताने करावे लागते, तसेच हेही उठून, चालत जाऊन, वेळ देऊन करावे लागते. ज्याला रडू येत नाही, ज्याला गोड बोलता येत नाही, तोही ते करू शकतो.

रडणारा देव

दुःखात माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर सापडणे अवघड असते. कॅथलिक श्रद्धाही ते देत नाही. ती त्याऐवजी एक चित्र समोर ठेवते. बेथानी गावात येशूचा मित्र लाजर मरण पावला. येशू पोहोचला तेव्हा चार दिवस झाले होते. लाजरच्या दोन्ही बहिणींनी, मार्था आणि मरियेने, त्याला वेगवेगळे गाठून एकच बोल लावला. तू येथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. येशूने त्यांना गप्प केले नाही, ‘असे बोलू नये’ म्हटले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे लिहिले आहे, की तो रडला. काही वेळातच तो लाजरला उठवणार होता, तरीही आधी रडला. ज्याचा देवच रडतो, त्या भक्ताला आपल्या अश्रूंची लाज वाटायचे कारण उरत नाही.

क्रुसाच्या पायथ्याशी उभी असलेली मरिया हे दुसरे चित्र. मुलगा डोळ्यांदेखत मरताना पाहणारी आई. १५ सप्टेंबरला चर्च ‘दुःखी मातेचा’ सण पाळते. मायकेलअँजेलोने १४९८-९९ मध्ये मुलाचे कलेवर मांडीवर घेतलेल्या मरियेचा पुतळा घडवला, तो आजही रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात आहे. मूल गमावलेली बाई जेव्हा चर्चमध्ये मरियेसमोर मेणबत्ती लावते, तेव्हा तिला काही समजावून सांगावे लागत नाही. समोरची बाई हे सारे भोगून बसली आहे, एवढे पुरेसे असते. म्हणूनच वांद्र्याच्या माउंट मेरीला आणि बंगळूरच्या शिवाजीनगरातील सेंट मेरीज बॅसिलिकात ८ सप्टेंबरच्या सणाला इतर धर्मांच्या बायकाही मोठ्या संख्येने जातात. बंगळूरच्याच विवेकनगरात बाळ येशूचे चर्च आहे. तेथे गुरुवारी येणाऱ्यांतही सगळ्या धर्मांची माणसे असतात. सकाळी बनशंकरीला लिंबाचा दिवा लावून संध्याकाळी विवेकनगरला मेणबत्ती लावणाऱ्या बाईला त्यात काही विसंगती वाटत नाही.

मित्र चुकले कोठे?

सांत्वन कसे करू नये, हेही बायबलमध्ये एका गोष्टीतून सांगितले आहे. ईयोब नावाच्या सज्जन माणसाची मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. त्याची दशा पाहून ते जमिनीवर त्याच्याजवळ बसले. सात दिवस आणि सात रात्री कोणी एक शब्द बोलले नाही. इथवर त्यांचे सारे बरोबर होते. आठव्या दिवसापासून ते बोलू लागले आणि सगळे बिघडले. तुझ्या हातून काही पाप घडले असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, असे ते समजावू लागले. गोष्टीच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो.

आपल्याकडे भेटायला जाणारी माणसे याहून वेगळे काय बोलतात? ‘देवाची इच्छा’, ‘सुटला बिचारा’, ‘अजून वय आहे, दुसरे मूल होईल’, ‘वेळेवर मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे होते.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याच्या काळजात हे शब्द वर्षानुवर्षे रुतून बसतात. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य दुःखी माणूस स्वतः म्हणाला तर त्यातून त्याला धीर मिळू शकतो. दुसऱ्याने त्याला ऐकवले, तर तोच आघात होतो.

रिवाज कशासाठी?

दुःखात माणसाला काय करावे ते सुचत नाही. रिवाज त्याच वेळी उपयोगी पडतात. कॅथलिक घरात आजार बळावला की धर्मगुरूंना बोलावून आजाऱ्याच्या कपाळाला व तळहातांना पवित्र तेल लावले जाते. पूर्वी हा संस्कार अगदी मरणाच्या उंबरठ्यावर होई, त्यामुळे फादर दारात दिसले की रोग्याचा धीरच सुटे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) हा संस्कार गंभीर आजारातील प्रत्येकासाठी आहे, यावर भर देण्यात आला. माणूस गेल्यावर घरी जपमाळेची प्रार्थना होते. शेजारी, नातेवाईक एकत्र बसून तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. ज्याला स्वतःची प्रार्थना सुचत नाही, त्याला इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळता येतो. मग अंत्यविधीचा मिस्सा, महिन्याने पुन्हा मिस्सा, वर्षाने पुन्हा.

२ नोव्हेंबरला सर्व मृतांचा स्मरणदिन असतो. फ्रान्समधील क्लुनी मठात सुमारे १००० वर्षांपूर्वी या दिवसाला सुरुवात झाली. त्या दिवशी दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. लहान मुलेही बरोबर असतात, आजोबांच्या थडग्यावरची धूळ पुसतात, न पाहिलेल्या पणजीचे नाव वाचतात. आपल्याकडचा पितृपक्ष आठवावा. दोन्हीकडे समजूत एकच आहे, की गेलेल्याशी नाते संपत नाही आणि त्याची आठवण काढायला वर्षात एक ठरलेला दिवस हवा. तो दिवस नसेल, तर आठवण कोणत्याही अवेळी येऊन माणसाला गाठते.

आपल्या मराठी घरांतही हे शहाणपण आहे. मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून जेवण येते. त्या पहिल्या घासाला ‘कडू घास’ म्हणतात. घास कडू असला तरी तो शेजाऱ्याने भरवायचा असतो, हे त्यातले महत्त्वाचे.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा वांद्रे, गिरगावातील खोताची वाडी अशा ठिकाणच्या ख्रिस्ती वस्त्यांनी रस्त्याच्या कडेला क्रूस उभारले. घराघरांत मरण होते, लोकांना जमावे असे वाटत होते. गल्लीतला क्रूस ही जमण्याची जागा झाली. त्यातले कितीतरी क्रूस आजही उभे आहेत आणि त्यांच्यापुढे प्रार्थना होतात.

आपल्या भाषेत रडावे

दुःखात माणूस मातृभाषेकडे वळतो. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला आपल्या भाषेत काही हवे होते. त्यांच्यासाठी त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. येशूच्या मरणाचे आणि मरियेच्या दुःखाचे वर्णन मराठी माणसाने मराठी ओवीत ऐकले, त्याला चारशे वर्षे उलटून गेली.

ही परंपरा आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे नेली. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत सर्व धर्मांचे मराठी वाचक होते.

परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांना भाषेची ही ओढ जास्त जाणवते. बंगळूरला शहाजीराजांच्या काळापासून मराठी माणसे आहेत. पण नोकरीसाठी अलीकडे आलेल्या कुटुंबाचा गोतावळा गावी असतो. घरात मरण झाले की शेजारी मदत करतात, तरी ‘आपल्या बोलीत’ गळ्यात पडून रडायला कोणी नसते. अशा घरी गेलेल्या मराठी माणसाने दुसरे काही केले नाही, केवळ मराठीत हाक मारली, तरी ते सांत्वन असते.

जिवंतपणी दिलेला दिलासा

सांत्वन मरणानंतरच करायचे असते असे नाही. ज्याचा आजार आता बरा होणार नाही, त्याला सर्वांत अधिक सोबत हवी असते. आयर्लंडमधील ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या धर्मभगिनींनी १८७९ मध्ये डब्लिनला आणि १९०५ मध्ये लंडनला अशा रुग्णांसाठी आश्रयगृहे काढली. त्यांच्या लंडनच्या गृहात काम करताना डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनाशामक औषधे वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी देण्याची पद्धत अभ्यासली. त्यांनी १९६७ मध्ये स्वतःची संस्था काढली. आजच्या परिहार सेवेची, म्हणजे रोग हटत नसला तरी त्रास हलका करणाऱ्या उपचारांची, जगभरातली चळवळ तेथून पसरली.

भारतात मदर तेरेसांनी १९५२ मध्ये कलकत्त्याला ‘निर्मल हृदय’ सुरू केले, तेही कालीमातेच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेत. रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसाला तेथे अंथरूण मिळे, आणि अखेरच्या क्षणी हिंदूला गंगाजल, मुसलमानाला कुराणाचे पठण, कॅथलिकाला तेलाचा संस्कार. त्या कामाची जगाने वाखाणणी केली. पण तेथे तीव्र वेदनाशामके दिली जात नाहीत, अशी टीकाही १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ही टीका विसरता कामा नये. माया आणि औषध, दोन्ही हवे. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

मुंबईत ही सांगड घातली गेली. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या शेजारी ‘शांती आवेदना सदन’ काढले. शेवटच्या अवस्थेतील कर्करुग्णांसाठीची ही भारतातली पहिली संस्था. धर्मभगिनी तेथे रुग्णांची सेवा करतात, पैसे घेतले जात नाहीत आणि कोणाचा धर्म विचारला जात नाही. पुढे गोवा व दिल्ली येथेही तिच्या शाखा झाल्या. बंगळूरला ‘करुणाश्रय’ हे असेच विनामूल्य सदन आहे. ते कोणत्याही एका धर्माचे नाही, पण काम तेच करते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा घरातला रुग्ण वेदनेने तळमळत असेल, तर ‘आता काय उरले’ म्हणून गप्प बसू नये. परिहार सेवा देणाऱ्या डॉक्टरांची चौकशी करावी.

धर्माने दुखावलेल्यांचे काय?

श्रद्धेने दिलासा दिला, तसा काहींना घावही दिला, हे नाकारून चालणार नाही. आत्महत्या केलेल्या माणसाला एकेकाळी चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. मुलगा गेला, वर त्याला पवित्र भूमीत जागा नाही, म्हणजे आई-बापांना दुहेरी मरण. १९८३च्या नव्या धर्मसंहितेत ही मनाई राहिली नाही. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये आणि चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करते, असे १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिले गेले. गंभीर मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते, हेही तेथे मान्य केले आहे.

बाप्तिस्म्यापूर्वीच दगावलेल्या तान्ह्या बाळांचेही तसेच. त्यांना स्वर्ग नाही, ती मध्येच कोठेतरी राहतात, अशी समजूत शेकडो वर्षे शिकवली गेली. कितीतरी माता या विचाराने झुरल्या असतील. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने पोपच्या संमतीने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत, असे म्हटले. दहनाला चर्चने १९६३ मध्येच परवानगी दिली होती. करोनाच्या काळात ज्यांना आपल्या माणसाचे दफन करता आले नाही, दहन करावे लागले, त्यांनी मनात अपराधाची टोचणी बाळगायचे कारण नाही. अस्थी आदराने पवित्र जागी ठेवाव्यात, एवढीच २०१६च्या सूचनेची अपेक्षा आहे.

ज्यांना दुःखात देव जवळचा वाटतच नाही, त्यांचे काय? प्रार्थना कोरडी वाटते, चर्चमध्ये किंवा देवळात पाय टाकवत नाही, राग येतो. अशांनी मदर तेरेसांची पत्रे आठवावीत. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, ती प्रसिद्ध झाली, तेव्हा जग थक्क झाले. कित्येक वर्षे त्यांना अंतर्यामी देवाचा स्पर्श जाणवत नव्हता, सारा अंधार होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. तरीही त्या रोज पहाटे उठून कामाला लागत. चर्चने हे दडवले नाही. याच बाईला २०१६ मध्ये संतपद दिले. ज्याला धीर वाटत नाही, तोही दुसऱ्याला धीर देऊ शकतो, आणि देव जाणवत नाही म्हणजे श्रद्धा संपली असे नव्हे, एवढे यातून घेता येईल.

आपण काय करावे?

समजा, आपल्याच इमारतीत एका घरी कर्ता पुरुष गेला आहे. मागे पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि म्हातारी सासू आहे. पहिल्या दिवशी जावेच. फार बोलू नये, जवळ बसावे. रडू आले तर रडू द्यावे, रडत नसेल तर रडायला लावू नये. डबा न्यावा, पण ‘काही लागले तर सांगा’ एवढ्यावर थांबू नये. दुःखी माणूस सांगत नाही. ‘उद्या मुलांना शाळेत मी सोडते’, ‘मृत्यूच्या दाखल्यासाठी पालिकेत मी बरोबर येतो’, ‘बँकेचे आणि विम्याचे कागद एकत्र लावून देऊ’ असे नेमके सांगावे. म्हाताऱ्या सासूकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिचाही मुलगा गेलेला असतो.

मुलांपासून मरण लपवू नये. ‘बाबा परगावी गेलेत’ किंवा ‘झोपलेत’ असे सांगितले, तर मूल वाट पाहते किंवा झोपायला घाबरते. त्यांना सोप्या शब्दांत खरे सांगावे. अंत्यदर्शनाला यायचे की नाही, ते त्यांना विचारावे.

खरी कसोटी पंधरा दिवसांनंतर लागते. दिवस-वार आटोपतात, पाहुणे परततात, फोन थांबतात. महिना झाला, पहिली दिवाळी किंवा पहिला नाताळ आला, वाढदिवस आला, वर्षश्राद्ध किंवा वर्षाचा मिस्सा आला, की त्या दिवशी आठवणीने फोन करावा. गेलेल्याचे नाव घेऊन बोलावे. नाव काढले तर त्यांना दुःख होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात, सगळे त्याला विसरले, हेच दुःख त्यांना जास्त असते.

दुःखाला मुदत नसते, पण काही खुणांकडे लक्ष ठेवावे. सहा महिने-वर्ष उलटूनही माणूस रोजची कामे करू शकत नसेल, झोप-जेवण तुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे वारंवार म्हणत असेल, तर डॉक्टरकडे न्यावे. न हटणारा शोक हा उपचार करण्याजोगा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीनेही मान्य केले आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. बंगळूरची निम्हान्स ही संस्था तिच्या मुळाशी आहे आणि अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते. जीव देण्याची भाषा कानावर आली, तर महिने मोजत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. असा सल्ला घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडली असे नव्हे. प्रार्थना करणाऱ्या माणसानेही ताप आला तर औषध घ्यायचे असतेच.

श्रद्धा दुःख पुसून टाकत नाही, आणि तसे ती खरोखर सांगतही नाही. ती दुःखी माणसाला माणसांच्या जवळ बसवते, आणि बाकीच्यांना त्याच्या दारापर्यंत पाठवते. त्या दाराशी गेल्यावर काय बोलावे हे सुचले नाही, तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. ज्या घरी जायचे मनात आहे आणि ‘आता इतके दिवस झाले, कसे जावे’ म्हणून राहून गेले आहे, त्या घरी या आठवड्यात जाऊन यावे. तेथे अजूनही आपली वाट पाहणारे कोणीतरी असते.